रिकाम्या खुर्चीची जाहिरात

आमच्याकडे पाहुणा आला आणि चहा होईपर्यंत बोलायला काही उरलं नाही, की तो हमखास माझ्या नवऱ्याला विचारतो, तुमच्या त्या सॉफ्टवेअरचं पुढे काय झालं हो? प्रज्ञेश चष्मा काढतो, शर्टाच्या टोकाने पुसतो आणि म्हणतो, मार्केटिंगमध्ये कमी पडलो. पाहुणा समाधानाने मान डोलावतो. मराठी माणूस मार्केटिंगमध्ये कमी पडला हे ऐकून पुण्यातल्या पाहुण्याला फार बरं वाटतं, बिस्किटसुद्धा एक जास्त जातं. मी आत गॅसपाशी उभी असते आणि माझं डोकं फिरतं. कमी कुठे पडला? मार्केटिंग नव्हतं तोवर चांगलं चाललं होतं. केलं आणि बुडालो.

हे त्याच्या तोंडून कधी यायचं नाही, म्हणून मी सांगते. मी चैताली, त्याची बायको. सरकारी कचेरीत नोकरी करते, त्यामुळे गोड बोलायची सवय राहिलेली नाही. माहेरीही ती फारशी नव्हती.

प्रज्ञेश आता अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. सकाळी वारज्याच्या पुलाखाली कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहतो आणि हिंजवडीला जातो. तिथे त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान साहेब त्याला 'प्रज्ञेश सर' म्हणतो आणि मग त्याच्या चुका काढतो. संध्याकाळी घरी आला की बूट न काढताच सोफ्यावर बसून राहतो. जेवायला काय आहे हेही विचारत नाही. पूर्वी हाच माणूस चुलीवरच्या दुधासारखा सतत वर यायचा, त्याला गप्प करताना माझ्या नाकी नऊ यायचे. आता मीच त्याला बोलतं करायला बघते, आणि तो म्हणतो, राहू दे ना, चैताली, दमलोय.

त्याने जे सॉफ्टवेअर केलं त्याचं नाव 'पुढचा नंबर'. ते त्याने मुळात विकायला केलंच नव्हतं, आईसाठी केलं होतं. माझ्या सासूबाई, ललिताबाई, शनिवार पेठेतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायच्या. सासरे लवकर गेले, तेव्हा त्या तिथे लागल्या आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिल्या. प्रज्ञेश शाळा सुटली की त्या काउंटरच्या आत, त्यांच्या पायाशी बसून अभ्यास करायचा. वर काय चाललंय ते सगळं त्याच्या कानावर पडायचं. मी आधी आलो होतो, त्यांना कसं सोडलंत, ओळखीचे दिसतायत तुमच्या, आम्ही काय इथे झोपायला आलोय का. डॉक्टरांना कुणी काही बोलत नसे. सगळं बोलणं काउंटरवरच्या बाईला. सासूबाई ते ऐकून घ्यायच्या आणि पुढचं नाव पुकारायच्या.

इंजिनिअर होऊन नोकरीला लागल्यावर त्याने सुट्टीच्या दिवसांत तो प्रोग्रॅम लिहिला. पेशंटने आल्यावर फोन नंबर द्यायचा, की त्याला मेसेज जायचा, तुमच्या आधी चार जण आहेत. माणूस बाहेर चहा घेऊन यायचा, मंडईतून भाजी घेऊन यायचा, आपली वेळ झाली की हजर. दवाखान्याच्या ओसरीवरची गर्दी आणि भांडणं दोन्ही गेली. सासूबाईंनी मात्र एक बटण मागून घेतलं. त्यावर 'मध्येच' असं लिहिलेलं होतं. तापाने फणफणलेलं पोर आलं, बसवत नाही असा म्हातारा आला, की त्या ते बटण दाबायच्या. तो पेशंट आत जायचा आणि बाकीच्यांना मेसेज जायचा, तातडीचा पेशंट आहे, थोडा उशीर होईल. बाईशी भांडणारी माणसं मेसेजशी भांडत नाहीत, हे सासूबाईंना बरोबर कळलं होतं.

ते पसरलं भिशीतून. पेठांमधले दवाखाने दुपारी एक ते चार बंद असतात, आणि त्या वेळात काउंटरवरच्या बायकांची महिन्यातून एकदा भिशी असायची. दर महिन्याला एकीच्या घरी. रविवार पेठेत लहान मुलांच्या डॉक्टरांकडे बसणारी शकीला त्या भिशीची पुढारी. सासूबाईंच्या काउंटरवर भांडणं होत नाहीत ही बातमी भिशीत फुटली, मग दुसरीने मागितलं, तिसरीने मागितलं. प्रज्ञेश स्कूटरवरून लॅपटॉप घेऊन भिशीला जायचा. पंधरा-वीस बायकांमध्ये एका कोपऱ्यात बसून एका हाताने साबुदाण्याचे वडे खायचा आणि दुसऱ्या हाताने जिच्या-तिच्या तक्रारी दुरुस्त करायचा. बायका दुसऱ्या दिवशी जाऊन आपापल्या डॉक्टरांना सांगायच्या, हे घ्या, नाहीतर मला हा गोंधळ झेपणार नाही. डॉक्टर पेशंटचं ऐकत नाही, घरी बायकोचं ऐकत नाही, पण काउंटरवरच्या बाईचं त्याला ऐकावंच लागतं. बघता बघता 'पुढचा नंबर' कर्वेनगर, वारजे, पार खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या दवाखान्यांपर्यंत गेला. त्याने नोकरी सोडली. एक व्हिजिटिंग कार्डसुद्धा छापलं नव्हतं.

सासूबाई तेव्हा दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. तक्रारींचा फोन आमच्या बाहेरच्या खोलीत ठेवला होता आणि तो त्या उचलायच्या. त्यांची एक वेताची, हाताची खुर्ची होती आणि तिच्यावर गोधडीसारखी तुकड्या-तुकड्यांची गादी. ती गादी त्यांनी भिशीच्या दुपारी बसून शिवली होती. फोन वाजला की म्हणायच्या, हं, बोला, कुठला दवाखाना? मग निम्मा वेळ सॉफ्टवेअर आणि निम्मा वेळ मुलीची दहावी, नवऱ्याचं पिणं, गुडघ्याला कुठलं तेल. मी कचेरीतून येऊन ऐकायची आणि मनात म्हणायची, ही कंपनी आहे की माहेर. पण चाललं होतं. कुणी सोडून जात नव्हतं.

मग बंगळूरच्या एका कंपनीचं ॲप आलं. कर्वे रस्त्यावर सिग्नलला त्यांचे मोठाले फलक लागले. आमचा एकही दवाखाना हलला नव्हता, पण प्रज्ञेशच्या तोंडचं पाणी पळालं. जो भेटेल तो त्याला सांगू लागला, नुसतं चांगलं असून काय उपयोग, लोकांना कळायला नको? त्याच्याबरोबर कॉलेजात असलेले, आता मोठ्या पदांवर बसलेले, ज्यांनी आयुष्यात एक चणा विकला नाही, तेसुद्धा सांगू लागले. शेवटी त्याने मार्केटिंगसाठी तनुजाला नेमलं.

तनुजाला मी नावं ठेवणार नाही. हुशार, नीटनेटकी मुलगी, कामाला वाघ. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, पैसे कोण देतं? डॉक्टर. मग आपण बोलतोय कुणाशी? काउंटरवरच्या बायकांशी. हिशेब अगदी सरळ होता, फक्त चुकीचा होता. त्या महिन्यापासून त्याचं भिशीला जाणं बंद झालं, कारण तेव्हा ब्रँडची मीटिंग असायची. घरातली एक वयस्कर बाई फोन उचलते हे कंपनीला शोभत नाही असंही ठरलं. फोनला एक मशीन बसवलं. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. प्रज्ञेशने आईला सांगितलं की तुला आता आराम. त्या म्हणाल्या, बरं.

जाहिरात डॉक्टरांच्या मासिकात द्यायची आणि तीच मोठी करून फ्लेक्सवर लावायची असं ठरलं. फोटो काढायला एक मुलगा आला. तो घरभर फिरला आणि सासूबाईंच्या खुर्चीपाशी थांबला. गादी त्याला फार आवडली, खरी वाटतेय म्हणाला. सासूबाई खुर्चीत बसून चहा पीत होत्या. प्रज्ञेशच त्यांच्याजवळ गेला. "आई, जरा ऊठ गं," तो म्हणाला, "नुसत्या खुर्चीचा फोटो हवाय." त्या कप हातात घेऊन उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. फोटो बराच वेळ चालला. चहा गार झाला तरी त्यांनी तो तिथेच उभ्याने संपवला.

जाहिरात छापून आली. मधोमध ती रिकामी खुर्ची, आणि खाली ठळक अक्षरांत, 'डॉक्टर, आता इथे कुणी बसायची गरज नाही.'

बाहेरच्या खोलीचं त्याच आठवड्यात ऑफिस झालं. गोल टेबल आलं, फिरत्या खुर्च्या आल्या, वेताची खुर्ची बाल्कनीत गेली. सासूबाई आपल्या खोलीत पलंगावर बसून तांदूळ निवडू लागल्या. आमच्याकडे तांदूळ निवडलेलाच येतो, पण त्या निवडायच्या. त्यानंतर आणखी एक गोष्ट झाली. काउंटरवर कुणी बसणारच नाही असं जाहिरात सांगते, तर मग ते 'मध्येच' बटण दाबणार कोण, असा प्रश्न निघाला. प्रज्ञेश दोन-तीन दिवस घुटमळला, कारण ते आईचं बटण होतं. मग त्याने ते काढून टाकलं. जगात माल बघून जाहिरात करतात. आमच्याकडे जाहिरात बघून माल बदलला.

सुरुवातीला डॉक्टरांचे फोन आले. त्याने पेढे आणले, आणि तनुजाला पहिला पेढा दिला. नंतर जुने दवाखाने गळायला लागले. कुणी भांडलं नाही, कुणी तक्रार केली नाही. सध्या थांबवू या. नेट नीट चालत नाही हो आमच्याकडे. डॉक्टरांना वेळ नाही, बघू. पुण्याची माणसं फटकळ म्हणून प्रसिद्ध आहेत. दारासमोर कुणी गाडी लावली तर चार ओळींची पाटी लिहितील. पण खरोखर काही लागलं की हीच माणसं नुसतं 'बघू' म्हणतात आणि पुन्हा बघत नाहीत. मशीन लावलेल्या फोनवर तर 'बघू' म्हणायलाही कुणी नव्हतं.

प्रज्ञेशला वाटलं की प्रोग्रॅममध्ये काहीतरी बिघडलंय. तो प्रोग्रॅमर, त्याला दुसरं काय वाटणार? एक दवाखाना गेला की तो एक नवीन सोय घालायचा. दोन गेले की सगळं पुन्हा लिहायला घ्यायचा. रंग बदलले, अक्षरं मोठी केली, वेग वाढवला. सण नाही, रविवार नाही, चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी घरात माणसं आली तरी हा स्क्रीनला चिकटलेला. तनुजाने सुचवलं की जाहिरात कमी पडतेय. मग वारज्याच्या पुलाजवळ आणखी मोठा फ्लेक्स लागला. मी रोज बसमधून येता-जाता माझ्या सासूबाईंची खुर्ची दुमजली इमारतीएवढी बघायची. तिच्यावर कुणी बसलेलं नसायचं. मला ते बघवत नसे, आणि का बघवत नाही हे घरात कुणाशी बोलायची सोय नव्हती.

वर्ष-दीड वर्षात निम्म्याहून जास्त दवाखाने गेले. तनुजाला दुसरीकडे चांगली जागा मिळाली, ती गेली. तिच्या निरोपाला प्रज्ञेशने तिचे आभार मानले, ते खरे मनापासून होते. घर माझ्या पगारावर आलं. बंगळूरच्या कंपनीने तोवर पुण्यातून गाशा गुंडाळला होता, म्हणजे ज्याला घाबरून हे सगळं केलं तो शत्रूही राहिला नव्हता. प्रज्ञेश मला एकदा म्हणाला, मला फक्त एवढं कळू दे, माझं काय चुकलं. उरलेले दवाखाने राहिले तर मी हे परत उभं करीन. त्याचा जीव त्यात अडकला होता. मी म्हटलं, मग ज्यांनी ते वाढवलं त्यांना जाऊन विचार ना. भिशी अजून चालू आहे.

मी त्याच्याबरोबर गेले. त्या महिन्याची भिशी शकीलाकडे होती, मोमीनपुऱ्यात. आम्ही दारात दिसलो. तशी बायकांनी सरकून जागा केली, शेवयांच्या खिरीच्या वाट्या हातात दिल्या, ललिताताई कशा आहेत विचारलं. प्रज्ञेशने वाटी बाजूला ठेवली आणि जुन्या सवयीने लॅपटॉप उघडला. नवीन काय काय केलंय ते दाखवायला लागला. बायका ऐकत होत्या, कुणी काही विचारत नव्हतं.

"प्रज्ञेशभाऊ, ते बंद करा आधी," शकीला म्हणाली.

त्याने बंद केला. तिने आवाज न चढवता सांगायला सुरुवात केली. ती गादी ललिताताईंनी इथेच बसून शिवली. त्यातला हिरवा तुकडा तिच्या दुपट्ट्याचा आहे, जांभळा चंद्रभागाच्या लुगड्याचा, काठाची पट्टी आणखी कुणाची. फ्लेक्स लागला तेव्हा प्रत्येकीने आपापला तुकडा ओळखला. खालची ओळ नंतर वाचली.

"सख्ख्या आईला उठवलंत तुम्ही," ती म्हणाली. "मग आम्हाला काय बसू देणार होतात? आम्ही तुमच्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही, भाऊ. फक्त तुमच्याबद्दल बोलायचं बंद केलं."

चंद्रभागाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. वारज्याच्या एका डॉक्टरांकडे त्या कामाला होत्या. त्या डॉक्टरांनी आमची जाहिरात वाचली, खरी मानली आणि त्यांना यायचं थांबवायला सांगितलं. पुढे काउंटरवर सांभाळणारं कुणी नाही म्हणून तिथलं सॉफ्टवेअरही बंद पडलं. आता त्या दोन घरी पोळ्या करतात. हे त्यांनी सांगितलं नाही, शकीलाने सांगितलं. चंद्रभागाबाई उठल्या आणि प्रज्ञेशच्या वाटीत आणखी खीर वाढली, कारण वाटी नुसतीच ठेवलेली होती आणि खीर घट्ट होत होती. प्रज्ञेश त्यांना म्हणाला, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, खा. त्याने ती सगळी खीर खाल्ली. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. मला त्याचा राग आला होता आणि त्याच वेळी त्याला तिथून उचलून घरी न्यावंसं वाटत होतं.

परतताना स्कूटर मी चालवली. तो लॅपटॉप छातीशी धरून मागे बसला. घरात आल्यावर सरळ आईच्या खोलीत गेला. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, पुढ्यात तांदळाचं ताट.

"तुला माहीत होतं, बायका का सोडून गेल्या ते?" त्याने विचारलं.

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

सासूबाईंनी ताट बाजूला ठेवलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, हे मी शपथेवर सांगते.

"तू ऊठ म्हणालास, मी उठले," त्या म्हणाल्या. "परत बस म्हणालास का?"

प्रज्ञेश बाल्कनीत गेला. खुर्चीचा वेत उन्हाने सुटला होता, गादीचे रंग उडाले होते, एका बाजूला कबुतरांनी घाण केली होती. त्याने ती बादलीभर पाणी घेऊन स्वतः पुसली, गादी झटकली, बाहेरच्या खोलीतलं गोल टेबल भिंतीला ढकललं आणि खुर्ची जुन्या जागी आणून ठेवली. फोनचं मशीन काढून टाकलं. मग आईला हाताला धरून आणलं आणि म्हणाला, आई, बस. त्या बसल्या. पदर सारखा केला, फोन हाताशी घेतला.

'मध्येच' बटणही त्याने त्याच आठवड्यात परत घातलं. ते वापरायला फार दवाखाने उरले नव्हते, पण सासूबाई दवाखान्याची वेळ पाळून बसू लागल्या. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी चार ते आठ. दुपारी फोन वाजला असता तरी त्यांनी उचलला नसता. प्रज्ञेश आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि त्याचं सगळं लक्ष बाहेरच्या फोनकडे असायचं. मी भांडी आपटायची नाही असं ठरवलं होतं, न जाणो, वाजला आणि ऐकू आलं नाही तर.

एका संध्याकाळी वाजला. प्रज्ञेश ताडकन उठून दारात आला. मी ओल्या हातांनी बाहेर आले. सासूबाईंनी फोन उचलला, खुर्चीत पुढे सरकल्या आणि पूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "हं, बोला, कुठला दवाखाना?"

पलीकडे एक बाई रेकॉर्डवर बोलत होती. घर इतकं शांत होतं की आम्हा दोघांनाही शब्द न् शब्द ऐकू येत होता. कर्ज हवं असल्यास एक दाबा, मराठीसाठी दोन दाबा. सासूबाईंनी तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोन जागेवर ठेवला आणि प्रज्ञेशकडे बघितलं.

"आपला नव्हता," त्या म्हणाल्या, आणि आठ वाजायचे होते म्हणून तिथेच बसून राहिल्या.